फोटो डिलीट करणारी आणि फोन न उचलणारी पोर: एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका ताईंची मुलगी यंदा नववीत गेलीय. वर्षभरापासून सारखे सेल्फी काढते, त्यातला एखादाच इन्स्टावर टाकते आणि तासाभरात डिलीट करते. 'माझं नाक जाड आहे, मी काळी आहे' हे रोजचंच. मावशीचा फोन आला की उचलत नाही, पाहुणे आले की खोलीतून बाहेर येत नाही, काही विचारलं की चिडते, पण मैत्रिणींशी रात्री साडेबारापर्यंत चॅटिंग चालू असतं. वडील म्हणतात मोबाईल काढून घ्या, आजी म्हणतात वयच असतं असं, सोडून द्या. ताईंना विचारायचंय की हे खरंच इन्स्टामुळे होतंय का आणि आता करायचं काय.

ताई, मी शाळा-कॉलेजच्या मुलांचं समुपदेशन बरीच वर्षं करतेय आणि तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे आईवडील आता दर आठवड्याला असतात, त्यामुळे जरा लांबण लावते, वेळ काढून वाचा.

तुम्ही हे दोन वेगळे प्रॉब्लेम म्हणून लिहिलेत, एक दिसण्याचा आणि एक न बोलण्याचा. मला ते एकच वाटतात. तुमच्या मुलीला लोकांसमोर यायची एकच पद्धत माहीत झालीय, ती म्हणजे आधी तपासायचं, दुरुस्त करायचं आणि मगच समोर जायचं. फोटोचं तेच आणि मेसेजचंही तेच. मावशीच्या फोनला ही सोयच नाही ना, मावशी विचारणार 'काय गं, काय चाललंय' आणि त्याच क्षणी काहीतरी बोलावं लागणार, आवाज कसा येईल ते आधी ऐकता येणार नाही, चुकलं तर खोडता येणार नाही. म्हणून ती उचलत नाही. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो, पण तिच्या पोटात अक्षरशः गोळा येतो तेव्हा.

मुलं मेसेज कसा लिहितात ते एकदा शेजारी बसून बघायला मिळालं तर कळेल मी काय म्हणतेय ते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) मला दाखवलं होतं. मैत्रिणीने विचारलंय 'उद्या येतेयस ना?' आता याला उत्तर काय, हो किंवा नाही. पण हिने 'हो' लिहिलं, मग वाटलं नुसतं 'हो' कोरडं दिसतंय, ती म्हणेल ही रागावलीय, म्हणून 'होओओ' केलं, मग ते जास्त उत्साही वाटलं म्हणून परत 'हो गं' आणि एक हसरा इमोजी, मग तो इमोजी जुन्या लोकांचा म्हणून काढला, मग त्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मैत्रिणीला पाठवला, 'हे पाठवू का?' तिचं 'हां पाठव' आल्यावर मग पाठवलं. आणि वर लगेच नाही पाठवायचा, कारण लगेच उत्तर दिलं की आपण रिकामटेकडे बसलोय असं दिसतं! मग समोरच्याने बघून ठेवला आणि उत्तर नाही दिलं की दोन तास जीव टांगणीला. आपण म्हणतो दिवसभर गप्पा मारत असतात, पण त्यात गप्पा मारल्याचा मोकळेपणा फार थोडा असतो, बराचसा पेपर लिहून निकालाची वाट बघण्याचा ताण असतो.

वाढदिवसाचं तर विचारूच नका. आपल्याकडच्या मुलांमधे वाढदिवसाला कोणी कोणी आपल्यासाठी स्टोरी (इन्स्टावर टाकलेली, चोवीस तासांनी आपोआप जाणारी पोस्ट) टाकली हे फार मोठं प्रकरण आहे, मोठ्यांना याचा पत्ताच नसतो. मैत्रिणींनी तुझ्याबरोबरचे फोटो टाकून तुला मेन्शन करायचं आणि तू त्या सगळ्या स्टोऱ्या आपल्या अकाउंटवर पुन्हा टाकायच्या, म्हणजे स्क्रीनच्या वर प्रत्येक स्टोरीची एक अशा त्या बारीक रेघांची किती मोठी रांग झाली हे शाळेतल्या सगळ्यांना दिसतं. जिची रांग छोटी तिला दुसऱ्या दिवशी वर्गात जायची लाज वाटते. आणि मैत्रिणीने स्टोरीसाठी कुठला फोटो निवडला, त्यात मी कशी दिसतेय, तिने मुद्दाम माझा वाईट दिसणारा टाकला का, यावरून कट्टी झालेल्या मुली मी बघितल्यात. इथे मैत्री, बोलणं आणि दिसणं हे सगळं एकाच ठिकाणी मोजलं जातं, सगळ्यांसमोर. म्हणूनच म्हटलं की दोन्ही एकच आहे.

आता कुणी म्हणेल की नीट तपासून, चांगला फोटो टाकला तर आत्मविश्वास वाढायला हवा. होतं उलटं. कॅनडातल्या यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2018 साली एक प्रयोग छापला होता, त्यात तरुण मुलींना स्वतःचा सेल्फी काढून टाकायला सांगितला होता, काहींना एकच फोटो काढायची मुभा आणि काहींना हवे तेवढे काढून वर एडिट करायचीही मुभा. दोन्ही गटांतल्या मुलींना त्यानंतर आधीपेक्षा जास्त अस्वस्थ आणि कमी सुंदर वाटलं. एडिट करू दिलं म्हणून काही फायदा झाला नाही. मला यात नवल वाटत नाही, कारण पंचवीस फोटोंतून एक निवडायचा म्हणजे चोवीस वेळा स्वतःला 'हे नको' म्हणायचं असतं, आणि फिल्टर काढल्यावर आरशात जी दिसते ती त्या चोवीसातलीच एक असते.

नाकाचं वेगळं सांगते कारण 'नाक जाड आहे' हे मी इतक्या मुलींकडून (आणि मुलांकडूनही) ऐकलंय की विचारायची सोय नाही. यात मोठा वाटा कॅमेऱ्याचा आहे हो. हात लांब करून सेल्फी काढतो तेव्हा फोन चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो, त्यात नाक कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ आणि कान लांब, त्यामुळे नाक फुगलेलं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मधेच याचं गणित मांडून दाखवलं होतं, बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. तीस टक्के! पोरगी वर्षभर त्या फुगलेल्या नाकाकडे बघतेय आणि तेच खरं धरून चाललीय. एक करा, फोन पाच फुटांवर खिडकीत किंवा शेल्फवर टेकवून ठेवा, टायमर लावा, थोडा झूम करून तिचा फोटो घ्या आणि तिच्या सेल्फीशेजारी ठेवून दोघी मिळून बघा. उपदेश करू नका, 'बघ मी सांगत होते ना' तर अजिबात म्हणू नका, फक्त बघू द्या. अजून एक, आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, डावं-उजवं बदललेलं, आणि जन्मभर त्याचीच सवय असते, त्यामुळे दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपला चेहरा वाकडा वाटतो. तो वाकडा नसतो, सवयीचा नसतो एवढंच. हे दोन खुलासे ऐकून पोरांचे चेहरे उजळलेले मी बघितलेत, कारण त्यांना पहिल्यांदा कळतं की यात आपल्या अंगातली खोट नाहीये.

'मी काळी आहे' याला मात्र कॅमेरा जबाबदार नाही ताई, आणि इन्स्टासुद्धा एकटं नाही. हे घरातून सुरू होतं. बारशाला बाळ बघायला आलेल्या बायका आधी रंग बघतात, 'आईवर नाही गेली' म्हणतात, पुढे 'उन्हात खेळू नको काळी पडशील', मग लग्नाच्या बायोडाटात 'गव्हाळ', 'निमगोरी', हे सगळं पोर कान उघडे ठेवून ऐकत मोठी झालेली असते. फेअर अँड लव्हलीचं नाव 2020 मधे ग्लो अँड लव्हली झालं पण आपल्या बैठकीच्या खोलीतलं बोलणं काही बदललं नाही. इन्स्टा काय करतं, तर या आधीच दुखऱ्या जागेवर रोज बोट ठेवतं. एकदा उजळ त्वचेची एक रील शेवटपर्यंत बघितली की पुढच्या दहा त्याच येतात, आणि बरेच फिल्टर त्वचा आपोआप उजळच करतात, सावळं करणारा सुंदरतेचा फिल्टर कुणी बघितलाय? म्हणून मी पहिलं काम सांगते ते घरातल्या मोठ्यांना. रंग, वजन, नाक, पिंपल यावर बोलणं बंद. कौतुकाचंही कमी करा, 'आज किती गोड दिसतेयस' हे सुद्धा दिसण्याचंच माप आहे. आणि आई म्हणून तुम्ही स्वतः आरशासमोर 'किती जाडी झालेय मी' म्हणत असाल तर ते आधी थांबवा, मुली ते जसंच्या तसं उचलतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, हे इन्स्टामुळेच का. इथे मी सरळ हो किंवा नाही म्हणणार नाही कारण दोन्ही बाजूंचा पुरावा आहे. 2021 साली फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकमधे, म्हणजे इन्स्टाच्याच मालक कंपनीत, काम केलेल्या बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आणली, त्यातल्या 2019 च्या एका स्लाइडवर कंपनीच्याच लोकांनी लिहिलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत शरीराबद्दलचा त्रास आपण आणखी वाढवतो. कंपनीने नंतर म्हटलं की याचा अर्थ चुकीचा लावला जातोय. दुसऱ्या बाजूला 2019 मधेच ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली आणि मुलांच्या बऱ्या-वाईट मनःस्थितीतला जो फरक असतो त्यातला फार फार तर 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो असं सांगितलं. लोक यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलतात. माझ्या अनुभवात दोन्हीत भांडण नाहीये, सरासरी काढली की परिणाम बारीक दिसतो कारण बऱ्याच मुलांना काहीच होत नाही, काहींना तर फायदाच होतो, लहान गावातल्या चित्र काढणाऱ्या मुलाला आपल्यासारखे दहा जण तिथेच भेटतात. पण जी मुलं आधीच हळवी आहेत, ज्यांचं घरात किंवा वर्गात दिसण्यावरून ऐकून झालंय, त्यांना ते फार लागतं. सरासरीत ती मुलं दिसत नाहीत, माझ्यासमोर मात्र तीच येऊन बसतात.

वयाचाही मुद्दा आहे. ऑर्बेन यांच्याच 2022 च्या अभ्यासात, ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवरून, मुलींना 11 ते 13 आणि मुलग्यांना 14-15 या वयात सोशल मीडियाचा वापर जास्त त्रासदायक ठरताना दिसला, आणि पुढे 19 च्या आसपास परत दोघांना, बहुधा घर सुटतं तेव्हा. तुमची मुलगी नववीत म्हणजे चौदा-पंधराची, तिची सुरुवात सहावी-सातवीत कधीतरी झाली असणार, आणि त्याच्याही आधी ऑनलाईन शाळेच्या निमित्ताने हातात फोन आला आणि तो परत कपाटात गेलाच नाही अशी असंख्य घरं आहेत. आणि हे शहरापुरतं नाही, 2024 च्या असर अहवालात (खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी) ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, आणि त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता तर 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

मोबाईल काढून घ्यायचा का? नका घेऊ, निदान शिक्षा म्हणून तरी नको. तिची सगळी मैत्री त्यात आहे, ती एका फटक्यात तुटली की घरात आत्ता जे दोन शब्द बोलते तेही बंद होतील, आणि मैत्रिणीच्या फोनवरून दुसरं अकाउंट उघडायला पाच मिनिटं लागत नाहीत, मग तुम्हाला काहीच दिसणार नाही. कमी करायचा. कॅनडातच 17 ते 25 वयाच्या दोनशेवीस विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग आहे, 2023 मधे आलेला, सगळे दिवसाला दोन तासांच्या वर सोशल मीडिया वापरणारे आणि आधीच उदासी किंवा काळजीने त्रासलेले. त्यातल्या एका गटाला तीन आठवडे रोज एक तासावर आणलं, आणि त्यांचं स्वतःच्या दिसण्याबद्दलचं मत सुधारलं. पूर्ण बंद केलं नव्हतं हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीपेक्षा ती मुलं मोठी आहेत हेही खरं, पण सुरुवात म्हणून मला हे पटतं.

घरात नियम एकच ठेवा पण सगळ्यांना, रात्री साडेनऊ-दहाला सगळ्यांचे फोन हॉलमधे चार्जिंगला, बाबांचाही. बाबा गादीवर पडून शेअर मार्केट बघणार आणि पोरीने फोन ठेवायचा, हे चालणार नाही आणि ती ऐकणारही नाही. झोप सुधारली की निम्मी चिडचिड तिथेच जाते, हे मी खात्रीने सांगते. इन्स्टाने अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलंय, भारतात 2025 च्या फेब्रुवारीपासून, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी लोकांचे मेसेज येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आत असेल तर सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं खरी जन्मतारीख टाकली असेल तरच! बऱ्याच मुलांनी अकाउंट उघडताना वय वाढवून टाकलेलं असतं. तिच्याबरोबर बसून ते बघा, चोरून नको. आणि लाईकचे आकडे लपवायची सोय 2021 पासून आहे, ती ऑन करून बघ म्हणून सुचवा, जबरदस्ती नको.

बोलण्याचं मात्र सेटिंगने होत नाही, तिथे सराव लागतो. लहान सराव. न तपासता बोललं आणि आभाळ कोसळलं नाही, हा अनुभव तिला पुन्हा पुन्हा मिळायला हवा. एकदम मावशीच्या फोनपासून सुरू करू नका, नातेवाईक म्हणजे 'किती टक्के पडले' आणि 'केवढी बारीक झालीस' हे दोन प्रश्न येणारच. त्यापेक्षा किराणावाल्याला फोन करून सामान सांगू दे, पार्लरची किंवा दवाखान्याची वेळ घेऊ दे, रिक्षावाल्याशी तिला बोलू दे, तुम्ही मागे थांबा. अडखळली तर मधेच तोंडातून वाक्य काढून घेऊ नका, आपल्या आयांना ती फार सवय असते. मैत्रिणीला टाईप करण्यापेक्षा व्हॉइस नोट पाठव म्हणावं, तोही एक मधला टप्पा आहे, फक्त पहिल्यांदा रेकॉर्ड झालेलीच पाठवायची. आणि घरी तिच्याशी बोलायचं असेल तर समोरासमोर बसवून 'बोल काय चाललंय तुझं' असं विचारू नका, पोलीस चौकी वाटते ती. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून क्लासला सोडताना, कपड्यांच्या घड्या करताना, जिथे नजर एकमेकांकडे नसते तिथे ही मुलं भरभरून बोलतात. तिने काही सांगितलं आणि ते तुम्हाला फालतू वाटलं, 'तिने माझी स्टोरी बघितली पण रिप्लाय नाही केला', तरी हसू नका. तिच्या जगात तो अपमान आहे.

ताई, तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तिला न विचारता तिचा फोटो टाकता का हेही एकदा आठवून बघा. मुलं यावर फार चिडतात आणि बरोबर चिडतात. जी पोर स्वतःचा एक फोटो टाकायला अर्धा तास घालवते तिचा झोपेतून उठल्यावरचा फोटो आईने साठ नातेवाइकांना दाखवला, तर काय वाटत असेल? विचारून टाका, नाही म्हणाली तर नाही.

मुलगे या सगळ्यातून सुटलेत असं समजू नका, वाचणाऱ्यांत मुलग्यांचे पालकही असतील म्हणून सांगते. त्यांचं दंड, जबड्याची ठेवण, उंची, केस गळणं यावर चालतं, पंधराव्या वर्षी जिमवाल्याने दिलेली पावडर घेणारी मुलं आहेत, आणि मुलगे याबद्दल मुलींएवढंही बोलत नाहीत, त्यांचं दुःख रागातून बाहेर येतं. विषय मोठा आहे, त्याच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

आता घरच्या उपायांवर थांबायचं नाही अशी लक्षणं सांगते. जेवण तोडणं किंवा जेवून बाथरूममधे जाऊन उलटी काढणं, दिसण्यावरून शाळेला दांड्या मारणं, दिवसातले तास आरशासमोर जाणं किंवा उलट घरातले आरसे झाकणं, नाकाचं ऑपरेशन करा म्हणून सारखा हट्ट, हातावर ब्लेडचे ओरखडे, गरमीतही फुल बाह्यांचे कपडे, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशी भाषा. यातलं एकही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, 'लोक काय म्हणतील' करत वाट बघू नका. शेवटची तीन लक्षणं असतील तर त्याच दिवशी जा आणि तिला एकटीला सोडू नका. टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही.

आणि वागण्यातला बदल एकदम आठवडाभरात झाला असेल, फोन वाजला की दचकते, अकाउंट अचानक बंद केलं, पैसे मागते पण कशाला ते सांगत नाही, तर वेगळी शंका घ्या, कोणीतरी फोटोवरून धमकावत असू शकतं. हल्ली साध्या फोटोवरून एआयने नग्न फोटो बनवतात, तिने काहीही पाठवलेलं नसलं तरी हे होतं. अशा वेळी पहिलं वाक्य 'तुझी चूक नाही, आपण बघू' हेच हवं, 'कशाला टाकलास फोटो' हे नको, कारण पुढचं सगळं त्या एका वाक्यावर ठरतं. पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट आणि त्या अकाउंटचं नाव जपून ठेवायचं, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करायची, तिथे महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी 1098 आहेच. अठराच्या आतल्या मुलांचे असे फोटो फिरवणं आयटी कायद्याच्या 67-ब कलमाखाली गुन्हा आहे, पाठवणारा तिच्याच वर्गातला असला तरी.

तुमच्या वर्णनावरून तुमची मुलगी या टोकाला गेलेली वाटत नाही, मैत्रिणी आहेत, शाळेत जाते, चिडते म्हणजे अजून सांगायची इच्छा आहे. महिना-दीड महिना वरचं करून बघा, आजींनाही रंगावरून बोलू नका म्हणून सांगा. त्यानंतरही पाहुणे आल्यावर खोलीतच बसत असेल तर तिला घेऊन जवळच्या समुपदेशकाकडे जा, आणि जाताना तिला सांगून जा की कुठे चाललोय आणि कशासाठी.